माळावर मुक्कामाला येणारे भोवत्या पक्षी : गवत कापू की राखू?

आटपाडीची सून
नमस्कार. आटपाडी तालुक्यात गावाच्या वरच्या अंगाला आमची पाच एकर माळ आहे. मुरमाड, नांगर लागत नाही, म्हणून आजेसासऱ्यांपासून गवतालाच राखलेली. खाली टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तशी डाळिंबं झाली, आसपासचे माळही जेसीबीने सपाट झाले. आमचा तुकडा तेवढा राहिलाय. मालक सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामाला परमुलखात असतात, त्यामुळे रान मीच बघते.

दसऱ्यानंतर रोज दिवस मावळताना घारीपेक्षा सडसडीत, लांब शेपटीचे पक्षी गवताला जवळजवळ घासून तरंगत येतात. पाच-दहा मिनिटं चकरा मारतात आणि एकेक करून गवतात बसतात, ते सकाळीच उठतात. लेकीने पुस्तकात बघून सांगितलं, भोवत्या. परवा दोघींनी बांधावर बसून मोजले, सतरा भरले. बरेचसे तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तीन मात्र राखाडी.

ऊन वर आल्यावर मी आत जाऊन पाहिलं. कुसळी गवत ताटाएवढं दबलेलं, कडेला पांढरी विष्ठा, आणि मधे अंगठ्याएवढा करडा गोळा. दाभणाने फोडला तर आत नाकतोड्यांच्या तंगड्या, जबड्याचे बारीक तपकिरी तुकडे आणि एक चिमुकलं पीस. हेच नाकतोडे आमची मटकी कुरतडतात. किती तरी वेळ मी ते तळहातावर घेऊन बसले होते.

आता अडचण अशी. यंदा कडबा विकत घेणं परवडत नाही. दोन म्हशी आणि एक खिलार जोडी आहे. सासूबाई म्हणतात, दिवाळी झाली, आता सगळं कापून गंज लावू. त्यांचं चूक नाही. पण सगळं कापलं तर हे पक्षी बसतील कुठं? थोडं राखायचं तर किती, कुठलं, कधीपर्यंत? आणि शेजारचे होळीच्या आसपास माळ पेटवतात, त्याचं काय करू?

जतचा माळकरी
ताई, सगळं राखायची गरज नाही, पण सगळं कापूही नका.

आधी ओळख. राखाडी नराच्या पंखावर आडवी काळी रेघ दिसली तर तो माँटेग्यूचा भोवत्या. रेघ नसून टोकाला फक्त काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या. माद्यांमधला फरक लांबून कळणं अवघड, त्यात वेळ घालवू नका. हे पक्षी मध्य आशियातून येतात. उपग्रहाचे टॅग लावलेले माँटेग्यूचे भोवत्या इथून कझाकस्तानपर्यंत गेल्याची नोंद आहे. एवढं अंतर तोडून आलेला पक्षी रात्री झाडावर बसत नाही, जमिनीवरच बसतो. त्याला उंच गवत लागतं ते आडोशासाठी. गुजरातेत वेळावदरला काळविटांच्या गवताळ रानात असे शेकड्यांनी एकत्र उतरतात. तुमचा माळ म्हणजे त्याचंच लहान रूप.

जिथे दबलेली ताटं सापडली, तो भाग मधे धरून दीड-दोन एकर एकसलग सोडा. चार ठिकाणी चार वाफे राखून उपयोग नाही, कुत्री-कोल्ही सहज आत शिरतात. बाकीचं खुशाल कापा, पण दुपारी चारच्या आत विळे बाहेर काढा. ते उतरत असताना माणूस आत दिसला तर उठून दुसरीकडे जातात. सकाळीही ते उडून गेल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. राखलेलं गवत गुढीपाडव्यानंतर कापा, मार्च-एप्रिलात ते परततात. तेव्हा वैरण वाळून कडक झालेली असेल, तेवढं नुकसान धरून चला.

आगीचं उत्तर तुमच्या कापणीतच आहे. राखलेल्या तुकड्याच्या चारही बाजूंनी आठ-दहा हात रुंद पट्टा आधी कापून घ्या आणि पडलेला पालाही उचला. वैरणीची वैरण, जाळरेषेची जाळरेषा.

शाळूराखी (तासगाव)
जतच्या दादांचं बरोबर आहे, पण कापलेल्या भागाला कमी लेखू नका. आमच्या वडिलांनी माळ्यावर बसून गोफणीने भोरड्या हाकल्या, त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं, पाखरू म्हणजे शाळूचं पाखरू. पुढे कळलं की एकाच माळावर बोट-बोट गवतात एक जमात असते आणि कमरेएवढ्या गवतात दुसरी. धाविक, माळटिटवी, चंडोल यांना आखूड, चरलेलं, मधूनच उघडं रान लागतं, त्यांना पळायला जागा हवी असते. माडग्याळ मेंढरं फिरून गेलेल्या रानात मी धाविकांचा थवा पाहिलाय. लावा उंच गवताच्या कडेला. भारीट काढणी झालेल्या शाळूच्या रानात. आणि भोवत्या दिवसभर या सगळ्यांवरून शिकार करत फिरतो, उंच गवतात फक्त झोपायला येतो. म्हणून मेंढपाळांना अडवू नका, राखलेला तुकडा तेवढा सोडायला सांगा.

पौषात आकडा घटला तर घाबरून जाऊ नका. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेलच्या पट्ट्यात टॅग लावलेले माँटेग्यूचे भोवत्या एका हिवाळ्यात लागोपाठ वेगवेगळ्या ठिकाणी राहतात असं दिसलंय. एकीकडचे नाकतोडे संपले की पुढं सरकायचं. पण पुढच्या वर्षी बरेचसे त्याच ठिकाणांवर परत येतात. म्हणून यंदा राखलं, तर पुढच्या वर्षीही राखावं लागेल.

आणखी एक, हे कळकळीने सांगतो. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लावलेला माळ दिसला की कुणीतरी रोपं घेऊन येतं. हेतू चांगला असतो. पण माळावर झाडांची रांग उभी राहिली की धाविक आणि चंडोल त्या जागेवरून उठतात. नम्रपणे नाही म्हणा.

आटपाडीची सून
दोघांचेही आभार. सासूबाईंना संध्याकाळी बांधावर घेऊन गेले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दगडाकडचा तुकडा राहू दे, तिथलं गवत तसंही राठ आहे." दीड एकर होईल. बाकी साडेतीन एकराच्या पेंढ्या बांधल्या तरी पाडव्यापर्यंत थोडी ओढाताण होणारच, म्हणून एक म्हैस भावाकडे पाठवतेय.

काल पूर्वेकडचा पट्टा कापला, साडेतीनला थांबलो. पावणेसहाला पहिला आला, कापलेल्या भागावरून दोनदा फिरला आणि दगडाकडे उतरला. एकूण चौदा. राखाडी तिघांपैकी दोघांच्या पंखावर काळी रेघ आहे, तिसऱ्याच्या नाही.

शेजारच्यांशी पेटवण्याबद्दल अजून बोलायचंय. रविवारी जाते.