मदत हवी आहे: चित्रकारांच्या ग्रुपवर नग्न अभ्यासचित्रं ठेवायची का?

शहापूरचा_ब्रश:
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या चित्रकारांचा एक ऑनलाइन ग्रुप मी चालवतो. गणपतीच्या मूर्ती, जलरंगातली निसर्गचित्रं, सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. परवा एका मुलीनं लाइफ स्टडी, म्हणजे समोर मॉडेल बसवून काढलेलं अभ्यासचित्र, टाकली आणि भडका उडाला.

चित्र कोळशाचं. स्टुलावर बसलेली पन्नाशीची बाई, अंगावर कापड नाही. पोटाच्या वळ्या बोटानं चोळून काढलेल्या, कमरेवर परकराच्या नाडीचा वळ तेवढा खोडरबरानं उजळ केलेला. काम म्हणून फार चांगलं. पण "घरी पोरं मोबाइल बघतात", "संस्कृती कुठं चालली" सुरू झालं. उलट बाजूनं बदामीच्या संग्रहालयातली लज्जागौरी, म्हणजे नग्न देवीची मूर्ती, आली, कुंभोजचा बाहुबली आला. चिकोडीकडचे एक जैन अण्णा म्हणाले, "आमचे दिगंबर मुनी विहाराला निघाले की अख्खं गाव हात जोडून उभं असतंय, तेव्हा कुणाची संस्कृती बुडत नाही." बिनतोड.

मग एकानं खाली लिहिलं, "ही तर आमच्या गल्लीच्या मागं राहते. हनुवटीवरचं गोंदण बघा की."

ती ओळ मी लगेच उडवली, चित्रही तात्पुरतं झाकलं. तेव्हापासून मला संस्कृतीचा वाद फिका वाटतोय. लज्जागौरीला चेहऱ्याच्या जागी कमळ आहे, आणि तिला उद्या खडेबाजारातून चालत जायचं नाही. या बाईंना जायचंय. त्या मजुरी घेऊन वर्गातल्या मुलांपुढं बसल्या, ग्रुपवरच्या शेकडो माणसांपुढं नव्हे. त्यांना कुणी विचारलं का? एवढ्या भांडणात हे एकानंही काढलं नाही.

सरसकट बंदी मला नको. हाडं-स्नायू न कळता घडवलेले दंड कसे दिसतात ते गणपतीतल्या देखाव्यांत दरवर्षी बघतोच. पण नियम काय करू? आणि ॲडमिन म्हणून माझ्या गळ्यात काय येऊ शकतं?

कोर्टाची_पायरी:
कोल्हापुरातून लिहितोय. अश्लीलतेचं जुनं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय. कलेसाठी, शिक्षणासाठी, प्राचीन देवळांतल्या शिल्पांसाठी त्यात अपवाद आहे. नग्न म्हणजे अश्लील नव्हे, संदर्भासकट आणि आजच्या समाजाच्या नजरेनं बघा, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सांगितलं. कस्टम्सनं अश्लील म्हणून अडवलेली चित्रकार सूझा आणि अकबर पदमसींची चित्रं मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सोडवली.

ॲडमिनचं म्हणाल तर, संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला धरता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलंय. पण तुम्ही पडलात कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाच्या हद्दीत. मुंबईचा निकाल तिथं दाखवता येतो, बंधनकारक नसतो. (सीमाप्रश्नाचा हा कंगोरा भाषणात कुणी घेत नाही.)

मात्र त्या बाईंनी स्वतः तक्रार केली तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या आयटी नियमांत अशा तक्रारीवर साइटला तातडीनं मजकूर काढावा लागतो. तेव्हा "हे चित्र आहे, फोटो नाही" असा वाद घालत बसू नका, काढून टाका.

निपाणीची_अक्का:
भाऊ, मुद्दा बरोबर पकडलात. वर्गात बसणं, प्रदर्शनात लागणं आणि इंटरनेटवर जाणं, याचे होकार वेगवेगळे घ्यायचे असतात. कित्येक जणींच्या घरी सुनेलासुद्धा माहीत नसतं त्या कुठल्या कामाला जातात. चित्र पुरं झालेलं दाखवून विचारा. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, मग मुलगी कितीही रुसू दे. हो म्हणाल्या तरी गोंदण, चेहरा बदलून घ्यायला सांगा. अभ्यास देहाचा आहे, ओळखीचा नाही. मॉडेलचे फोटो "रेफरन्स" म्हणून टाकणाऱ्याला पहिल्या फटक्यात बाहेर काढा. १८ वर्षांखालच्या कुणाचंही नग्नचित्र नाही, यावर चर्चाच नको.

बंदी घालू नका. टंबलर या साइटनं डिसेंबर २०१८ मध्ये घातली, तेव्हा त्यांच्या यंत्रानं साधी साधी चित्रंसुद्धा उचलली, कितीतरी कलाकार निघून गेले. २०२२ मध्ये त्यांनाच नियम सैल करावा लागला. त्यापेक्षा धूसर कव्हर आणि वर सूचना. ज्याला बघायचंय तो उघडेल.

शहापूरचा_ब्रश:
अक्का, वकीलसाहेब, आभार. कव्हर आणि सूचना आजपासूनच लावतो. कुणाची ओळख उघड करणारी कॉमेंट आली की सदस्य थेट बाहेर, हेही लिहितोय. ती मुलगी बाईंना भेटून चित्र दाखवायला तयार आहे, जरा घाबरली आहे एवढंच.

एक अडचण राहिली. बाई घरी कन्नड बोलतात आणि सहीच्या जागी अंगठा देतात. न वाचता उठवलेल्या अंगठ्याला होकार म्हणायला मन घेत नाही. कन्नडात सगळं समजावून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं तर चालेल का? कुणी असं केलं असेल तर काय काय विचारलं होतं तेवढं सांगा की.