जहाज बंदराबाहेर उभं, तूर कंटेनरात अन् मी लातुरात

डाळवाला_लातूर
राम राम मंडळी. एमआयडीसीत आमची छोटी डाळ मिल आहे. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या आयईसीवर (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) टांझानियाची तूर मागवली. वीस फुटी ५ कंटेनर, साधारण सव्वाशे टन. दार-ए-सलामहून माल न्हावा शेव्याला निघाला तेव्हा एजंटानं दिलेली तारीख चार वेळा पुढं गेली. विचारलं की एकच उत्तर, "बर्थ नाही, म्हणजे धक्क्यावर जागा नाही, जहाज बाहेर उभंय." मोबाईलवर बघितलं तर खरंच ठिपका जागचा हलेना, तिसरा दिवस. इकडं हमाल बसून अन् बँकेचं व्याज चालू. धाकटा म्हणायलाय, गंजगोलाईत स्कूटर लावायला जागा मिळेना, जहाजाला कुठून मिळावी!

या थांबलेल्या दिवसांचं भाडं माझ्या माथी बसतं का? आणि सगळे तांबड्या समुद्राचं नाव सांगायलेत, पण आफ्रिकेची तूर तर तिकडून येतच नाही की ओ.

उदगीरकर_उरण
मालक, मी मूळचा उदगीरचा, १४ वर्षं इकडं कस्टम्समधून माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या कामात. कंटेनर जहाजावर आहे तोवर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचं भाडं, लागत नाही. तुमचे फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) माल धक्क्यावर उतरल्यावर मोजतात. जहाज कंपनी, म्हणजे लाइन, कधी कधी गर्दीचा सरचार्ज लावते, तेवढं तिच्याकडून लेखी घ्या. तुमचं खरं नुकसान व्याजात अन् बाजारात. आपल्याकडची नवी तूर निघायच्या आत माल मिलवर पोचला पाहिजे. सुट्ट्या मालाचं अख्खं जहाज भाड्यानं घेणाऱ्यांचं वेगळं. करारातले दिवस संपले की रोजचं डेमरेज (जहाज थांबल्याचा दंड), झोप उडते माणसाची.

तांबड्या समुद्राचं असं की नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळं युरोपची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, दहा-चौदा दिवस जास्तीचे. धक्क्यावर प्रत्येक जहाजाची विंडो, म्हणजे लागायची वेळ, ठरलेली असते. ती चुकली की तीन जहाजं एकाच दिवशी दारात. २०२४ मध्ये सिंगापूर अन् कोलंबो असेच तुंबले होते. तुमचं आफ्रिकेचं जहाज वेळेवर येऊनही रांग तीच.

न्हावा शेव्यात कंटेनरची पाच टर्मिनल. तुमचं जहाज कुठल्या टर्मिनलचं ते विचारा आणि त्यांच्या बर्थिंगच्या यादीत नाव शोधा. सापडलं तर एजंट खरा. "बर्थ नाही" हे उत्तर लई सोयीचं असतंय, आम्हीबी वापरतो.

बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद) जहाज लागायच्या आधीच भरा, नाहीतर लेट फी. कीड मारायच्या धुरीचं अन् माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट आकडा न् आकडा तपासा. माझ्या एका गिऱ्हाईकाचं जहाज ५ दिवस थांबलं, पण कंटेनर नंबरात एक आकडा चुकला म्हणून पुढं ११ दिवस गेले. शिव्या मात्र जहाजालाच.

सूतवाला_जालना
आम्ही उलट्या दिशेचे, सूत बाहेर पाठवणारे. जहाज लांबलं की बंदरात भरलेला कंटेनर आत घ्यायची, गेट ओपनची तारीख लांबते, अन् भरलेला ट्रेलर तर आदल्या रात्रीच सुटलेला. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला स्टोव्हवर खिचडी करत बसतो, गाडी थांबल्याचं हॉल्टिंग आमच्याकडून. आता जहाजानं मागचं बंदर सोडल्याशिवाय गाडी हलवत नाही. आमच्या जालन्याच्या ड्राय पोर्टचं (समुद्रापासून लांबचं कंटेनर यार्ड) भूमिपूजन २०१५ मध्ये झालं तेव्हा वाटलं होतं, ही कटकट मिटली. पण जालन्यात कितीही मोठं यार्ड केलं तरी समुद्रावर धक्का थोडाच वाढतो.

डाळवाला_लातूर
यादीत नाव सापडलं! परवा पहाटेचं. पण धुरीची तारीख कंटेनर भरल्यानंतरची दिसायलीय, चालतं का?

उदगीरकर_उरण
भरलेल्या कंटेनरातच धुरी देतात, चालतं. बीएलच्या (जहाज कंपनीनं माल घेतल्याच्या पावतीच्या) तारखेआधीची आहे ना, तेवढं बघा.

डाळवाला_लातूर
दोन दिवस आधीची. हमालांना शनिवारी बोलावतो मग.

उदगीरकर_उरण
सोमवारी बोलवा.