उंचीची भीती नाही, पण गोल फिरणारी राइड लागते. काय करावं?

संथवारा

नमस्कार मंडळी. मला लहानपणापासून गाडी लागते. वळणाच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसून वाचणं तर विसराच. मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि राइड म्हणजे तिचा जीव की प्राण. तिच्या आईला उंची सहन होत नाही, त्यामुळे थीम पार्कमध्ये तिच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडे येतं, आणि ते मला मनापासून हवं आहे.

कोडं असं की मोठ्या रोलर कोस्टरवर मला काही होत नाही. ड्रॉप टॉवरवरून खाली येताना पोटात गोळा येतो, पण उतरलो की ठणठणीत. मात्र लहान मुलांच्या त्या गोल फिरणाऱ्या कपात बसलो, किंवा पुढे-मागे झुलणाऱ्या जहाजात, की संपलं. आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटतं, मग मानेवर गार घाम. पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या सिम्युलेटरमध्येही तेच. ओकारी दर वेळी होते असं नाही, पण पुढचे दोन-तीन तास डोकं जड राहतं आणि कशातच लक्ष लागत नाही.

गेल्या वेळी ती जहाजाच्या रांगेपाशी थांबली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे बाबा, मला पण नकोय." तिला हवं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून विचारतोय. गोळी घ्यावी का, घ्यायची तर कधी? डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत? सवयीने हे जातं का? मन घट्ट करा असं कृपया सांगू नका, घाबरत मी नाहीच.

गिरकी

संथवारा, मी बरीच वर्षं राइड चालवण्याचं काम केलं आहे. कप, जहाज, कोस्टर, सगळं. तुम्ही लिहिलंय ते आम्ही रोज पाहायचो. कोस्टरवरून लोक किंचाळत उतरतात आणि पुन्हा रांगेत लागतात. बादली आणि फडकं लागतं ते कपांपाशी. दिसायला जितकी भयंकर तितकी मळमळ जास्त, असा काही हिशेब नाही. तेव्हा राइड निवडताना उंची पाहू नका, ती तुम्हाला कशी हलवते ते पाहा. सरळ पडणारी, सरळ धावणारी बहुतेकांना चालते. एकाच जागी गरगर फिरवणारी किंवा संथ लयीत झुलवणारी लागते. दोन्ही एकत्र करणारी, म्हणजे झुलता झुलता फिरवणारी, तुम्ही सोडूनच द्या. मुलीला तिथे तिच्या वयाच्या कुणाबरोबर बसू द्या.

आता कपाचं. मधलं चाक फिरवलं की तुमचा कप स्वतःभोवतीही फिरतो. ते चाक कुणी फिरवलं नाही तर कप बराच शांत चालतो, कारण मग उरते ती फक्त खालच्या तबकड्यांची फिरकी. मुलीला चाक फिरवायचंच असेल तर फिरवू द्या, पण तुम्हीही चाकावर हात ठेवा. ज्याच्या हातात चाक असतं त्याला कमी लागतं, जसं गाडी चालवणाऱ्याला लागत नाही. पुढचा धक्का कुठून येणार हे त्याच्या अंगाला आधीच कळलेलं असतं.

डोकं पाठीला टेकवा आणि तिथून हलवू नका. फिरत असताना खाली वाकून पिशवी बघणं, मागे वळून फोटो काढणाऱ्याला हात करणं, यानेच माणूस आडवा होतो. मी माईकवरून हेच सांगायचो: डोकं टेकवा, बाहेर बघू नका, समोर बसलेल्याच्या चेहऱ्याकडे बघा. बाहेरचं जग रेघा होऊन पळत असतं, समोरचा चेहरा तेवढा जागेवर असतो.

जहाजात मधला बाक मागून घ्या. टोकाला बसलेले सर्वांत जास्त वर-खाली होतात. तेच बाक आधी भरतात, त्यामुळे मधला मिळायला अडचण येत नाही.

आणि जांभई. लोक ओकारीची वाट बघतात, पण खूण त्याच्या कितीतरी आधी दिसते. ओठांभोवतीचा रंग उडतो, माणूस बोलायचा थांबतो, वारंवार गिळतो, जांभया देतो. आम्ही फेरा संपल्यावर अशांना शोधून सांगायचो की लगेच उठू नका. तुम्हाला तुमच्या खुणा पाठ आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. पहिल्या जांभईला थांबायचं, घामाची वाट पाहायची नाही.

कानोसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. गिरकी यांनी अनुभवातून जे सांगितलं त्यातलं बहुतेक कानाच्या रचनेशी जुळतं.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव जरा मागे राहतो, आणि त्यावरून मेंदूला फिरणं कळतं. पण एकाच वेगाने फिरत राहिलात तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास द्रवही तुमच्याबरोबर फिरू लागतो. मग कान म्हणतो आपण थांबलो आणि डोळे म्हणतात फिरतोय. राइड थांबली की उलट: तुम्ही स्थिर, द्रव अजून चालू, म्हणून जग उलट्या दिशेने गरगरतं. तेही बहुधा अर्ध्या मिनिटात निवतं, पण तेवढ्यात उठून चालू लागलात तर मळमळ पक्की. बसून राहा आणि न हलणाऱ्या एका वस्तूवर नजर रोखा, एखाद्या खांबावर किंवा पाटीवर. गरगरत असताना डोळे आपोआप फडफडत असतात, नजर रोखली की ती फडफड दबते.

फिरताना डोकं वाकवलं तर एक नलिका फिरण्यातून बाहेर पडते आणि दुसरी आत येते, आणि मेंदूला आपण कोलांटी घेतोय असं वाटतं. डोकं टेकवून ठेवा म्हणतात ते यासाठी.

जहाजाचं कारण वेगळं आहे. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, म्हणजे 0.2 हर्ट्झच्या जवळपासची हालचाल माणसाला सर्वांत जास्त लागते. हे 1970च्या दशकात वर-खाली हलवणाऱ्या प्रयोगांतून मोजलेलं आहे. दहा मीटर लांबीच्या झोक्याला एक हेलकावा पुरा करायला सहा सेकंदांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे हे झुलतं जहाज नेमकं त्याच पट्ट्यात येतं, खऱ्या समुद्रातल्या जहाजासारखं. कोस्टरचे झटके आखूड आणि जलद असतात, शिवाय रूळ डोळ्यांसमोर दिसतो.

आता गोळी. डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सिनारिझिन ही जुनी औषधं आहेत आणि ती उपयोगी पडतात. पहिल्याचा गुण 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कळला. अंगावर पित्त उठतं म्हणून ते एका बाईंना दिलं होतं, तर त्यांना नेहमी लागणारी ट्राम लागेनाशी झाली. ही औषधं मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असतात, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आणि मेक्लिझिन एक तास आधी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. सर्दी-शिंकांसाठी मिळणाऱ्या झोप न आणणाऱ्या नव्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्या मेंदूत फारशा शिरतच नाहीत, म्हणून तर त्यांनी झोप येत नाही.

कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावावी लागते आणि ती तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ती नको. लावल्यावर हात धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. या सगळ्यांनी कमी-अधिक गुंगी येते, तेव्हा परतताना गाडी दुसऱ्या कुणी चालवावी. आणि कुठलंही औषध पहिल्यांदाच पार्कमध्ये घेऊन पाहू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारून आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घ्या, किती झोप येते ते कळेल.

मुलीवरही लक्ष असू द्या. हा त्रास घराण्यात चालतो, आणि साधारण सात ते बारा या वयात तो सर्वांत जास्त दिसतो. अर्धशिशी असलेल्यांनाही जास्त लागतो. तुम्हाला ती आहे का?

फुलपाखरी

मनगटाला बांधायचा पट्टा वापरून पाहा, तो आतल्या बाजूला एका बिंदूवर दाब देतो. मला फरक पडतो. आणि आलं. दोन्हींबद्दल अभ्यास उलटसुलट आहेत हे माहीत आहे, पण झोप तर येत नाही ना. रिकाम्या पोटी मात्र जाऊ नका. भरपेट खाऊन जाणं वाईट हे सगळे सांगतात, पण उपाशी पोटी पित्त वर येतं ते त्याहून वाईट. थोडं कोरडं खायचं आणि पाणी घोट-घोट घ्यायचं.

संथवारा

एवढं नेमकं कुणी आजवर सांगितलं नव्हतं, सर्वांचे मनापासून आभार. कानोसा, होय, अर्धशिशी आहे. महिन्यातून एखादी, आणि तिच्या आदल्या दिवशी लिफ्टसुद्धा नकोशी होते. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

सिम्युलेटरचं कळलं नाही. तिथे मी जागेवरच असतो, तरी का लागतं? आणि डोळ्यांचं काय? कपात चेहऱ्याकडे बघायचं, कोस्टरवर रूळ बघायचा, मग मिटायचे कधी?

कानोसा

सिम्युलेटरमध्ये भांडण उलट्या बाजूने होतं. डोळे म्हणतात आपण दरीत कोसळतोय, कान म्हणतो खुर्ची वीतभर हलली. तिथे डोळे मिटले की भांडणातला एक पक्ष गप्प होतो, म्हणून तिथे मिटा, निदान पडदा वेगाने फिरतो तेवढा वेळ. पडद्याच्या कडेबाहेरची भिंत किंवा पुढच्या खुर्चीची पाठ पाहिली तरी चालतं. डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यात ती कडही दिसत नाही, म्हणून त्याचा त्रास अधिक होतो.

कोस्टरवर मिटू नका. तिथे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत असतात, आणि पुढचं वळण दिसलं की मान आधीच सावरते. पुढच्या रांगेत बसा. वळण आलं की डोकं वळणाच्या आतल्या बाजूला किंचित कलू द्या. गाडी चालवणारा नकळत तेच करतो, शेजारी बसलेला बाहेर फेकला जातो.

उलटीपालटी

सिम्युलेटरवरून आठवलं. फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या थीम पार्कमध्ये 2003 साली 'मिशन: स्पेस' ही राइड सुरू झाली. त्यात पडदा आहेच, शिवाय बंद डबा खरोखर गोल फिरवून अंगावर वजन आणतात. इतक्या लोकांना त्रास व्हायचा की आत ओकारीच्या पिशव्या ठेवल्या. मग 2006 मध्ये त्यांनी न फिरवणारं सौम्य रूपही ठेवलं, रांगेत शिरतानाच नारिंगी की हिरवं ते निवडायचं. तुम्ही हिरवीवाले. इतर पार्कमध्येही अशी सोय कुठे कुठे असते, काही सिम्युलेटरमध्ये न हलणाऱ्या खुर्च्यांची वेगळी रांग असते. दारावरच्या माणसाला विचारायला लाजू नका.

दिवस कसा लावायचा ते सांगतो, कारण मळमळ साठत जाते. एक राइड पचली आणि दुसरीही पचली, तरी तिसरी लागते. सकाळी थंड हवेत कोस्टर उरकायचे. मग पाण्याची राइड. मुलीसाठी एक जहाज करायचंच असेल तर ते जेवणाच्या आधी, आणि त्यानंतर अर्धा तास सावलीत नुसतं बसणं. कप सर्वांत शेवटी, म्हणजे बिनसलं तरी दिवस हातचा गेलेला नसतो. उन्हात रांगेत उभं राहून मोबाइलमध्ये मान घालणं टाळा, अर्धी मळमळ तिथेच जमा होते.

संथवारा

न हलणाऱ्या खुर्च्या असतात हे मला माहीतच नव्हतं! जेवणाआधी जहाज, मधला बाक, गोळी आधी घरी घेऊन पाहायची, सगळं लिहून घेतलं.

राहिला सवयीचा प्रश्न. मुलगी म्हणते, "बाबा, रोज थोडं थोडं फिरलात तर जाईल." खरं आहे का?

कानोसा

खरं बोलली. ज्यांना आभाळात लागतं त्या वैमानिकांना असंच हळूहळू फिरवून तयार करतात, आणि औषधापेक्षा त्याचा गुण जास्त टिकतो. पण सवय त्या-त्या हालचालीची लागते. कपाची झाली म्हणून जहाजाची होत नाही, आणि मोठा खंड पडला की ओसरते. घरी फिरत्या खुर्चीत बसा, मुलीला हळू फिरवू द्या, आणि पहिली खूण दिसली की लगेच थांबवा. मळमळ होईपर्यंत ताणलंत तर सवय लागण्याऐवजी धास्ती बसते. श्वास संथ आणि मोजून घ्या, त्यानेही फरक पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. राइडशिवायच, अंथरुणात कूस बदलताना गरगरू लागलं, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर तो गाडी लागण्याचा प्रकार नव्हे. तेव्हा खुर्ची-बिर्ची बाजूला ठेवून तपासून घ्यायचं.

गिरकी

खुर्ची मुलीला फिरवू द्या हे मला फार पटलं. थांबवायची खूणही तिच्याशी ठरवून ठेवा, तोंडाने सांगण्यात वेळ जातो. हात वर केला की थांब, एवढं पुरे. पार्कमध्येही तीच खूण ठेवा, म्हणजे तुमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायची वेळ तिच्यावर येणार नाही. फेरा मधेच थांबवणं प्रत्येक राइडवर जमत नाही, पण निघण्याआधी ऑपरेटरला हात दाखवून सांगितलंत की मला लागतं, तर तो तुमच्यावर नजर ठेवेल. आम्ही ठेवायचो. कपांमध्ये आधीच सांगणाऱ्याला मी कडेचा, बाहेर पडायच्या फाटकाजवळचा कप द्यायचो.