मदत हवी आहे : मॅक्सिलाचे (वरच्या जबड्याच्या हाडाचे) मोठे छिद्र जुळलेल्या कवटीत इतके लहान कसे होते?

नमस्कार. मी शरीररचनाशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. नाकाच्या पोकळीची हाडे अभ्यासताना गेले आठ दिवस मी एकाच ठिकाणी अडलो आहे आणि आकृत्या जितक्या जास्त पाहाव्यात तितका गोंधळ वाढत चालला आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे. हाडांची नावे वर्गात वापरतो तशीच लिहीत आहे, कारण मराठी पर्याय पुस्तकागणिक बदलतात.

मला जे समजले आहे ते आधी मांडतो, म्हणजे चूक तिथेच असेल तर दाखवून देता येईल. पोकळीच्या तळाचा पुढचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मॅक्सिलाच्या पॅलेटाइन प्रोसेसचा (प्रोसेस म्हणजे हाडातून बाहेर आलेला भाग) आणि उरलेला मागचा भाग पॅलेटाइन (टाळूच्या मागच्या भागातील) हाडाच्या आडव्या पट्टीचा असतो. छताला पुढे नेझल हाडे आणि फ्रंटल, मध्ये एथमॉइडची (दोन डोळ्यांच्या मधल्या हाडाची) चाळणीसारखी पट्टी आणि मागे स्फेनॉइडचा मुख्य भाग येतो. मधल्या पडद्यात खाली व मागे व्होमर, पुढे कूर्चा आणि वरच्या बाजूला पॅलेटाइनची परपेंडिक्युलर प्लेट असते. इथपर्यंत चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

अडचण बाजूच्या भिंतीची आहे. सुटे मॅक्सिला हातात घेतले की त्याच्या आतील बाजूला एवढे मोठे वेडेवाकडे छिद्र दिसते की त्यातून बोट सहज सायनसमध्ये (हाडातल्या हवेच्या पोकळीत) जाईल. पण जुळलेल्या कवटीत पाहिले तर मॅक्सिलरी सायनसचे तोंड मधल्या मिएटसमध्ये (बाजूच्या भिंतीवरील मधल्या कॉन्काखालच्या जागेत) कुठेतरी लपलेले, अगदी लहान असते असे पुस्तक सांगते. मधली जागा झाकणारी चार हाडे मला पाठ आहेत, पण कोणते हाड कोणत्या दिशेने येऊन कोणता भाग झाकते हे काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. नुसती यादी म्हणून व्हायव्हा (तोंडी परीक्षा) कदाचित पार पडेल, पण मला ती भिंत खरोखर समजून घ्यायची आहे.

त्याला जोडूनच दुसरी शंका. वरचा आणि मधला कॉन्का (बाजूच्या भिंतीतून नाकात लोंबणारा वळणदार भाग) एथमॉइडचे भाग आहेत, मग तसाच दिसणारा, त्याच रांगेतला खालचा कॉन्का स्वतंत्र हाड का मानतात?

प्रतिसाद १

आपली मांडणी चांगली आहे. एकच दुरुस्ती करावी लागेल, आणि तीच चूक बहुतेक विद्यार्थी करतात. परपेंडिक्युलर प्लेट या नावाच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पडद्याच्या वरच्या भागात असते ती एथमॉइडची. पॅलेटाइनची परपेंडिक्युलर प्लेट पडद्यात नसून बाजूच्या भिंतीत असते, आणि आपल्या मुख्य प्रश्नाच्या उत्तरात तिचे काम मोठे आहे. कदाचित हाच घोळ आपल्याला पुढे अडवत असावा.

आता मॅक्सिला हातात घ्या आणि त्याची नाकाकडची बाजू स्वतःकडे करा. हाड उजवे असेल तर चेहऱ्याकडची कड आपल्या डाव्या हाताला येईल. छिद्राच्या लगेच पुढे एक उभी खोबण दिसेल, ती अश्रुनलिकेची. छिद्राच्या मागे पृष्ठभाग खडबडीत आहे. तिथे पॅलेटाइनची उभी पट्टी येऊन चिकटते आणि तिची पुढची कड छिद्रावर सरकून मागचा भाग झाकते. त्याच खडबडीत भागातून तिरपी जाणारी खोबण या पट्टीने झाकली जाते आणि ग्रेटर पॅलेटाइन कॅनॉल तयार होतो.

खालचा भाग इन्फिरिअर कॉन्का (म्हणजे खालचा कॉन्का) झाकतो. हे हाड पुढे मॅक्सिलावरच्या आणि मागे पॅलेटाइनवरच्या आडव्या कंगोऱ्याला टेकलेले असते. त्याच्या नाकात लोंबणाऱ्या वळणदार भागाकडेच आपले लक्ष जाते, पण प्रश्नाचे उत्तर त्याच्या वरच्या कडेला आहे. तिथून मॅक्सिलरी प्रोसेस बाहेरच्या बाजूला खाली वळते आणि छिद्राच्या खालच्या कडेवर झडपेसारखी बसते. पुढे लॅक्रिमल प्रोसेस वर जाऊन लॅक्रिमल हाडाच्या (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळच्या लहान हाडाच्या) खाली उतरणाऱ्या टोकाला मिळते. या दोघांमुळे अश्रुनलिकेची खोबण बंद होते आणि मोठ्या छिद्राचा पुढचा, वरचा कोपराही झाकला जातो.

राहिला वरचा आणि मधला भाग. वरून एथमॉइडचा पोकळ कप्प्यांचा भाग येतो आणि त्याच्या पुढच्या बाजूने अन्सिनेट प्रोसेस ही विळ्यासारखी वाकलेली पातळ पट्टी निघते. ती छिद्रावरून खाली आणि मागे जाते व इन्फिरिअर कॉन्काच्या एथमॉइडल प्रोसेसला मिळते. म्हणजे मोठ्या छिद्रावर आडवा दांडा घातल्यासारखे होते. त्याच्या आजूबाजूला उरलेल्या फटींवर जिवंत शरीरात हाड नसतेच. तिथे फक्त श्लेष्मल आवरण असते. खरे तोंड अन्सिनेट प्रोसेसच्या आड दडलेले असते. काही व्यक्तींमध्ये त्या आवरणात एखादे जास्तीचे छिद्रही आढळते, ते या फटींच्या जागीच.

खालच्या कॉन्काविषयी : तीनही कॉन्का गर्भातील नाकाच्या कूर्चेच्या कोशातूनच घडतात, म्हणून ते सारखे दिसणे स्वाभाविक आहे. मात्र खालच्या कॉन्कामध्ये गर्भाच्या साधारण पाचव्या महिन्यात अस्थी तयार होण्याचे स्वतःचे एक केंद्र सुरू होते आणि तो एथमॉइडला कधीच जुळत नाही. म्हणून त्याची गणना वेगळे हाड म्हणून होते.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीने मॅक्सिलरी सायनसपर्यंत पोचताना सामान्यतः आधी अन्सिनेट प्रोसेस काढावी लागते, कारण ती दूर झाल्याशिवाय मूळ तोंड दिसत नाही. शक्य असल्यास नाकाचा समोरून घेतलेला सी.टी. छेद एकदा पाहा. मधल्या कॉन्काच्या बाहेर अन्सिनेट प्रोसेस एक बारीक रेघ म्हणून दिसेल आणि सायनसचे तोंड तळाशी नसून आतल्या भिंतीत बरेच वर, छताजवळ असल्याचे लक्षात येईल. प्रौढ माणसात सायनसचा तळ नाकाच्या तळापेक्षाही खाली असतो. त्यामुळे तिथला स्राव सूक्ष्म केसांच्या हालचालीने गुरुत्वाकर्षणाच्या उलट वर चढून बाहेर यावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

परपेंडिक्युलर प्लेटची चूक मी खरोखरच करत होतो. दोन्ही पट्ट्या मी एकच समजत आलो होतो. काल सुटे मॅक्सिला, पॅलेटाइन आणि इन्फिरिअर कॉन्का सांगितलेल्या क्रमाने जुळवून पाहिले. मागची आणि खालची बाजू लगेच झाकली गेली, पण वरचा भाग उघडाच राहिला, कारण आमच्या संचातील एथमॉइडची अन्सिनेट प्रोसेस तुटलेली आहे आणि तिच्या जागी केवळ एक खुंट उरला आहे. मग दुसऱ्या, जुळलेल्या अर्ध्या कवटीत मधला कॉन्का तुटलेला होता, तिथून आत डोकावून पाहिले. ती पट्टी तिथे शाबूत होती आणि तिच्या मागे बारीक सळई हलकेच वळवून नेली तेव्हा तिचे टोक सायनसमध्ये गेले.