मदत हवी आहे: ३०० एचपी फोर स्ट्रोक आउटबोर्ड, सुपरचार्जरवालं छोटं इंजिन घेऊ की मोठ्या सीसीचं साधं?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा प्लीज. माझी २५ फुटी फायबरची बोट आहे, मागे बाहेरून लावलेली (आउटबोर्ड) दीडशे-दीडशे एचपीची टू स्ट्रोक इंजिनांची जोडी, दोन्ही जुनी कार्ब्युरेटरवाली. पेट्रोल पितात ते पितातच, वर स्लो स्पीडला निळा धूर आणि पाण्यावर तेलाचा तवंग, ते बघवत नाही आता. ट्रान्समची, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या फळीची, मर्यादा ३०० एचपी आहे म्हणून जोडी काढून एकच ३०० चं फोर स्ट्रोक लावायचं ठरवलंय. नवीन परवडत नाही, सेकंडहँडच बघतोय.

दोन पर्याय समोर आहेत. पहिला, मर्क्युरीचं २.६ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं सुपरचार्जरवालं व्हेराडो, चाललंय कमी, दिसायला एकदम स्वच्छ. दुसरा, बिनसुपरचार्जरचं मोठ्या सीसीचं, म्हणजे यामाहाचं ४.२ लिटर व्ही सिक्स किंवा मर्क्युरीचंच ४.६ लिटर व्ही एट, पण ही जी मिळतायत ती जास्त तास चाललेली आहेत.

मी वाचून वाचून एवढं जमवलंय की व्हेराडो २००४ ला आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता पुढे हाच रस्ता, छोटं इंजिन आणि वर हवा कोंबायची. पण २०१८ ला त्याच कंपनीने ३०० एचपी साठी ४.६ लिटरचं साधं व्ही एट आणलं, आणि बाकीचे तर आधीपासून सीसीच वाढवत होते. असं का झालं? सुपरचार्जरमध्ये मुळातच काही खोट आहे, की नुसता खर्चाचा हिशोब? हे कळलं तर माझा निर्णय सोपा होईल कारण कमी चाललेलं इंजिन हातचं सोडवत नाहीये. आणि फोर स्ट्रोक जड असतं म्हणतात, तर ट्रान्समला झेपेल ना?

प्रतिसाद १

खोट नाही. त्या त्या वेळची गरज वेगळी होती, तेवढंच.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने (ईपीए) १९९६ ला आउटबोर्डच्या धुरावर नियम केला, २००६ पर्यंत हायड्रोकार्बन साधारण ७५ टक्के कमी करायचे. साध्या टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यामुळे पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर. तुमचा तवंग तोच. मग रस्ते दोनच, टू स्ट्रोकला डायरेक्ट इंजेक्शन लावा नाहीतर फोर स्ट्रोक मोठं करा. पहिल्या रस्त्यावरचं शेवटचं मोठं नाव एव्हिनरूड ई-टेक, ते २०२० ला बंद झालं.

फोर स्ट्रोक मोठं करण्यातली अडचण अशी की प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच फायर होतो, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला सीसी जास्त लागते, आणि सीसी म्हणजे वजन. २००१-०२ च्या सुमारास होंडा आणि यामाहाची २२५ ची व्ही सिक्स आली, होंडाचं तर त्यांच्या गाडीच्याच साडेतीन लिटर इंजिनवर बेतलेलं. सुझुकीने २००६ ला ४ लिटरमधून ३०० काढले. यामाहाने २००७ ला ३५० साठी थेट ५.३ लिटर व्ही एट केलं, ते ३६५ किलो! त्या काळात २.६ लिटरमधून २७५ आणि पुढे ३०० काढणं ही खरंच मोठी इंजिनिअरिंग होती, मी तरी त्याला कमी लेखणार नाही. सरळ सहा असल्यामुळे व्हायब्रेशन जवळजवळ नाही, सुपरचार्जर क्रँकवरून चालतो म्हणून थ्रॉटल दिला की लगेच प्रतिसाद.

मग बदललं काय, तर सीसी हलकी झाली. यामाहाच्या ४.२ मध्ये सिलिंडरमधलं लोखंडी अस्तर (लायनर) काढून प्लाझ्माने धातूचा पातळ थर चढवला, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास मोठा झाला आणि वजन उलट उतरलं, अडीचशे किलोच्या जरा वर. मर्क्युरीचं ४.६ व्ही एट २३०-२४० च्या आसपास. आणि सुपरचार्जरवालं सरळ सहा? २९० ते ३००! मोठं इंजिनच हलकं होतंय म्हटल्यावर सुपरचार्जर, त्याचा बेल्ट, आत जाणारी हवा थंड करणारा कूलर एवढं सगळं कशाला वागवायचं.

आता लिटरमागे हिशोब करा. २.६ मधून ३०० म्हणजे लिटरला ११५ एचपी, ४.२ मध्ये ७१, ४.६ मध्ये ६५. गाडीला १०० एचपी क्वचित लागतात, थोडा वेळ. बोट म्हणजे कायम चढावर असलेली गाडी, थ्रॉटल कमी केला की वेग गेलाच. तासन् तास लोड असतो तिथे लिटरमागे कमी ताण असलेलं इंजिन निवांत चालतं. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता जास्त म्हणून २.६ च्या ३०० ला प्रीमियम पेट्रोल सुचवलेलं असतं, मोठी दोन्ही साध्या पेट्रोलवर खूश. तुम्ही भरता तिथे प्रीमियम कायम मिळतं का ते आधी बघा.

प्रतिसाद २

वर छान लिहिलंय. मी फक्त तेलाबद्दल बोलतो कारण सेकंडहँड मोठ्या फोर स्ट्रोकमध्ये सगळ्यात आधी तेच बघायचं आणि बहुतेक लोक तेच बघत नाहीत.

डिपस्टिकवर तेल कमी असेल तर आपण घाबरतो, पण मोठ्या आउटबोर्डमध्ये तेल *वाढलेलं* दिसलं तर जास्त घाबरा. इंजिन सतत थंड पाण्यावर चालतं, स्लो स्पीडला ट्रोलिंग (गळ ओढत हळू चालणं) करत राहिलं की पुरतं तापतच नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या खाली सरकतं आणि सम्पमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीत, तेलात मिसळतं. तेल पातळ होतं, बेअरिंगवरची फिल्म तुटते. कारण बऱ्याचदा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो, किंवा नव्या इंजिनचं ब्रेक-इन (सुरुवातीचे तास रुळवणं) नीट लोड देऊन केलेलं नसतं.

म्हणून 'कमी चाललंय' यावर भाळू नका. कमी तास पण सगळे ट्रोलिंगचे, तर ते इंजिन जास्त तास नीट क्रूझ केलेल्या इंजिनपेक्षा वाईट असू शकतं. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कुठल्या आरपीएमला किती तास चाललं ते साठवलेलं असतं, लॅपटॉप लावून तो रिपोर्ट काढून मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन सरळ उभं ट्रिम करून थोडा वेळ थांबून डिपस्टिक बघा, वास घ्या. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडर हवा धरतो का ते), गिअरकेसचं तेल दुधाळ आहे का, अॅनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) किती खाल्लेत, हे तर करायचंच. सुपरचार्जरवालं असेल तर त्या हवेच्या कूलरमध्ये मीठ साचलंय का तेही उघडून बघायला लावा, तो समुद्राच्याच पाण्यावर थंड होतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, टॉर्कचा हिशोब इतका सरळ कुणी सांगितलाच नव्हता. प्रीमियम पेट्रोल मी जिथे भरतो तिथे कधी असतं कधी नसतं. वजनाची अजून शंका आहे, आणि प्रॉप (पाण्यातले पंखे) आत्ताच्या जोडीचे वापरता येतील का?

प्रतिसाद ३

वजनाची काळजी सोडा. दीडशेची जुनी व्ही सिक्स टू स्ट्रोक जोडी मिळून पावणेचारशे किलोच्या आसपास भरते, त्यापुढे ही तिन्ही इंजिनं हलकीच. बोट मागून उलट वर उठेल, टाकी-बॅटऱ्यांची जागा कदाचित थोडी मागे घ्यावी लागेल. पण ट्रान्सम मधोमध ठोकून, ओल मोजून बघा, जोडीचे बोल्ट दोन बाजूंना होते आणि आता सगळा जोर मध्यावर येणार.

जुने प्रॉप विसरा. प्रॉप इंजिनच्या गिअर रेशोप्रमाणे आणि टॉप आरपीएमप्रमाणे निवडतात. २.६ च्या ३०० ला पूर्ण थ्रॉटलवर ५८०० ते ६४०० लागतात, यामाहाच्या ४.२ ला ५००० ते ६०००. नेहमीच्या लोडने, म्हणजे पेट्रोल, माणसं, बर्फ सगळं भरून, पूर्ण थ्रॉटलवर सुई त्या रेंजच्या वरच्या टोकाजवळ आली पाहिजे. खाली राहिली तर पिच (प्रॉप एका फेरीत जितकं पुढे सरकतो ते अंतर) कमी करा, एक इंचाला दीड-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. जड प्रॉप लावून इंजिन घुसमटत चालवलं की कितीही चांगलं इंजिन लवकर संपतं. गिअरचं महत्त्व किती ते सुझुकीकडे बघा, क्रँकपासूनच एक गिअर घालून दोन टप्प्यांत रिडक्शन, त्यांच्या ३०० ला रेशो २.०८, म्हणून मोठा प्रॉप फिरवता येतो. लोड भरून चालणाऱ्या जड बोटीला ते फार मानवतं, तुमच्या यादीत तेही घ्या असं मी म्हणेन.

आणि एक खर्च लोक धरतच नाहीत. ही इंजिनं बहुतेक इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल-शिफ्टची असतात, मग तुमच्या जुन्या केबल आणि लिव्हर चालणार नाहीत. व्हेराडोच्या सरळ सहाला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप वेगळा. इंजिनबरोबर हार्नेस (वायरिंग), लिव्हर, गेज मिळत नसेल तर किंमत तशी पाडून मागा.

शेवटचं, जोडी काढून एकटं इंजिन लावताय, लांब जात असाल तर वेगळ्या टाकीवरचं छोटं किकर (अडचणीला घरी आणणारं जास्तीचं इंजिन) हवंच. मोठ्या इंजिनच्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर त्याच टाकीवरचं किकरसुद्धा बंद पडेल.

धागाकर्ता

ठरलं मग, सुपरचार्जरवालं सोडतोय. ४.२ वाल्याकडे ईसीयूचा रिपोर्ट मागितलाय, त्याने हार्नेस आणि लिव्हरसकट देतो म्हटलंय. सुझुकीचं ३०० पण शोधायला घेतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो, आरपीएमचे तास वाचायला मदत करा.