आधी पलंग, मग बाकीचं

तुरुंगातून सुटलेल्या बाईने आधी नशा सोडावी, नोकरी शोधावी, मग राहायच्या जागेचं बघू, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही, आणि का ते सुसान बर्टनचं आयुष्य बघितलं की कळतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची ही बाई, १९८१ मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गाडीखाली गेला. ते दुःख झेपेना, मग दारू, मग ड्रग्ज, आणि पुढची जवळपास वीस वर्षं तुरुंगात आत-बाहेर. दरवेळी शिक्षा झाली, उपचार काही मिळाले नाहीत. सुटल्यावर हातात थोडे पैसे आणि बसमधून उतरलं की समोर पुन्हा तोच रस्ता, तेच ड्रग्ज विकणारे! कशी सुधारणार हो माणसं?

१९९७ मध्ये एकदाची उपचार केंद्रात जागा मिळाली आणि ती सावरली. १९९८ मध्ये साठवलेल्या पैशातून लॉस एंजेलिसच्याच वॉट्स भागात एक छोटं घर घेतलं, खोल्यांत दोन मजली पलंग टाकले, आणि तुरुंगातून सुटलेल्या बायका जिथे उतरायच्या त्या बसस्टँडवर स्वतः जाऊन त्यांना घरी घेऊन यायला लागली. ए न्यू वे ऑफ लाइफ ही तिची संस्था तिथूनच सुरू झाली.

आणि या बायकांच्या मुलांचं काय, ते कुणी बोलतच नाही. मुलांचा ताबा मागायला कोर्टात गेलं की राहता कुठे हा प्रश्न येतोच, तिथे पत्ताच नसेल तर ती आई काय सांगणार? म्हणून सुसानच्या संस्थेच्या घरात मुलांनाही जागा आहे.