वाघाच्या पोस्टरने गिधाड वाचत नाही

वन्यजीव वाचवायला वाघाची पोस्टरं घेऊन शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या काढल्या की जागृती होते, असं कुणीकुणी म्हणतं. होत असेलही, पण गिधाडांचं उदाहरण बघा. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली, आणि ती काही शिकारीने नाही. दुखऱ्या गुराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं, पुढे ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांची बाटली ३ मिलीची केली, म्हणजे ती गुरांना वापरणं गैरसोयीचं व्हावं.

आमच्या गावी ढोरं टाकायच्या जागेवर आता फक्त कुत्री भांडताना दिसतात. मागच्या दिवाळीत चुलत्यांना विचारलं, "म्हशीला कुठलं इंजेक्शन देता?" म्हणाले, "डॉक्टर देईल ते." आता बोला! त्यांना गिधाडं का गेली, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मागा, गिधाडांना ते बाधत नाही, एवढंच मी सांगितलं. त्यांनी ते नाव कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलं.

फेऱ्या काढा की, पण एखादी गुरांच्या बाजारातूनही जाऊ द्या.